आठव्या फेरीचे पोहे

मंडळी, दवाखान्यातून लिहितोय.

मुकुंदवाडीच्या मैदानावर आम्ही सहा जण रोज सकाळी चालतो. दहा फेऱ्या मारायच्या आणि जो मधेच बसेल त्यानं सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे, हा नियम माझाच.

आज आठव्या फेरीला छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. डाव्या हाताला मुंग्या आल्या. गॅस असंल म्हणून चालत राहिलो. खरं सांगतो, पोह्यांवरून होणाऱ्या चेष्टेची लाज वाटली.

सोबतच्या शोभाताई निवृत्त नर्स आहेत. माझा घाम बघून म्हणाल्या, "भाऊ, खाली बसा."

"दोनच राहिल्यात, ताई."

त्यांनी दंड धरून बसवलं आणि रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी ईसीजी दोनदा पाहिला आणि लगेच ॲडमिट केलं. दुपारी अँजिओग्राफी आहे. बायको विचारती, "दुखत होतं तर थांबले का नाय?"

परवा आमचे दिनकरराव सहाव्या फेरीलाच बसले होते. आम्ही हसत हसत त्यांचे पोहे खाल्ले. का बसलात, हे कुणीच विचारलं नाही. आज ते आलेच नव्हते. मघापासून फोन लावतोय, उचलत नाहीत.

तुमच्या ग्रुपात मधेच कोण बसलं होतं?