खाडीतल्या पोरांचं पान

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडप्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक... धड रडताही येईना. श्रावणातली गोष्ट. कोन गावचा भास्कर, माझा शाळेपासूनचा मित्र.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक विमान कोनच्या खाडीत पडलं, असं त्याचे आजोबा सांगत. नोकरीतून मोकळा झाल्यावर भास्करने ते शोधायचं मनावर घेतलं आणि आम्हां चार रिकामटेकड्यांना कामाला लावलं. आमची पद्धत त्याचीच. म्हाताऱ्या मासेमाऱ्यांना विमानाचं विचारायचंच नाही, नाहीतर जो तो आपापलं विमान पाडतो. विचारायचं एवढंच, जाळं कुठं अडकून फाटतं? त्यातून नदीने पात्र कसं बदललं, रेती कुठून उपसली, भराव कुठे पडला, हेही कळत गेलं. मी एकदा वैतागून भास्करला म्हणालो, "सापडून करणार काय?"

"त्या इमानातल्या पोरांच्या घरच्यांना जागा तं कळंल. कुनीतरी अजून वाट बघत असंल."

एका ओहोटीला खरंच गाळात लोखंड लागलं. आम्ही उतावळ्यांनी आधीच नारळ फोडला, हार घातला. दोराने ओढून काढलं तर रेतीच्या बोटीचं इंजिन! आम्ही पोट धरून हसलो. भास्कर मात्र हार काढत म्हणाला, "बोटीवर कोन व्हता? वाचला का तो?" आठवडाभर फिरून त्याने बोटवाला शोधलाच. गडी ठणठणीत होता, वर आमच्याकडे इंजिन मागायला लागला. भास्करला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं. विमान काही मिळालं नाही.

परवा सर्वपित्री अमावास्येला सहज त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी खीर-वड्यांचं एकच पान वाढलं होतं. मला वाटलं, भास्करचं.

"न्हाय, यांचं वर्स व्हायचंय," वहिनी म्हणाल्या. "हे त्या इमानातल्या पोरांचं. त्यांची तिथी कुनाला ठाव हाय? जागा सापडंपर्यंत त्यांचं जेवन आपल्याकडं, असं हे म्हनायचे. दरसाल गुपचूप खाडीवर नेऊन ठेवायचे."

इतकी वर्षं बरोबर हिंडलो, मला बोलला नाही. वहिनींनी पान माझ्या हातात दिलं. "तुमी ठेवून या. कुठं ठेवायचं ते तुमाला ठाव असंल."

मला कुठे ठाऊक होतं... पण त्यांना तसं सांगवेना. मी पान घेऊन खाडीकडे चालू लागलो.