नामदेवच्या खुंटीवरचा कोट

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला लेकीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. उरलेले वाळत घातले, मग माहेरची, उमरीकडची गाडी धरली. धाकटा भाऊ होता माझा; पण रडून कुणी उठून बसत नाही.

आम्ही परीट. बाप वारला तेव्हा तेराव्याला जमलेल्या लोकांसमोर नामदेवनं बापाची ट्रंक उघडली आणि तळातून खाकी कोट निघाला. पितळी बटणांवर निजामाची खूण. गावानं ठरवून टाकलं, आमचा बाप निजामाच्या फौजेत होता, आपल्याच माणसांवर बंदूक धरणारा. नामदेव हॉटेलात बसला की कुणीतरी म्हणायचंच, "काय हवालदार, बापानं किती पाडले?" नामदेव गावच्या शाळेत शिपाई. सुट्ट्या टाकून दोन वर्षं तो कोट पिशवीत घालून नांदेडला, उदगीरला जुन्या फौजी माणसांकडं फिरला. कोट निजामाच्या फौजेतला, एवढंच कळलं... कुणाचा, ते नाही.

मी माहेरी आले तेव्हा विचारलं, "परटाच्या पोटचा ना तू? कॉलर उलटून बघितलीस का?"

"न्हाई, अक्का."

तो शाळा शिकला, मी चौथीनंतर घाटावर. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बिब्ब्याच्या रसानं खुणा मी घालायची, प्रत्येक घराची वेगळी. घरच्या कपड्यांना खूण नसायची. या कॉलरीत दोन ठिपके आणि आडवी रेघ होती. म्हणजे कोट बापाचा नव्हताच, धुवायला आलेला होता. निजामाचं राज्य गेलं, मग तो न्यायला कोण येणार? घर मी तिथंच ओळखलं. निजामाशी लढलेल्यांचे फोटो शाळेत रांगेनं लावलेत, त्यांत त्या घरचे थोरले मालकही आहेत. दर वर्षी त्यांना हार नामदेवच घालायचा.

आम्ही दोघं गेलो. मालकांच्या मुलानं कॉलर बघितली आणि दार लावून घेतलं.

"नामदेवा, हे हितंच ठेव."

"ठेवलं तर जाळशीला."

"मग गावभर बोंबलत फिरतूस का?" कॉलर त्याच्या मुठीत, बाही नामदेवच्या. मला वाटलं, आता फाटतोय.

"परीट गिऱ्हाइकाचं बोलत नसतो. माझा बाप फौजेत नव्हता, एवढं तुम्ही चारचौघांत सांगा आन् कोट न्या."

त्यानं मूठ सोडली. सांगितलं मात्र कधीच नाही. हॉटेलात 'हवालदार' म्हटलं की मालकांचा मुलगाही हसायचा. नामदेव चहा संपवून उठायचा आणि हार घालायच्या दिवशी हार घालायचा. मी त्याला मूर्ख म्हणायचे. अजून म्हणते. पण शब्द त्यानं दिलाय, म्हणून त्या घराचं नाव मी इथंही लिहीत नाही.

नामदेवच्या दहाव्याला मालकांचा तो मुलगा, आता म्हातारा झालेला, काठी टेकत आला. लोक नदीवर गेले होते, घरात मी एकटी. त्याची नजर सरळ खुंटीवर.

"अक्का, तो कोट..."

"हाय की. धुऊन ठिवलाय. तेराव्याला गाव जमंल, तवा या."

तेराव्याला गाव जमलं. तो आला नाही. कोट नामदेवच्या खुंटीवरच आहे, आणि दार मी उघडं ठेवते.