मनोहर सर आणि रखडलेला प्रेमप्रवेश

मनोहर सरांची आणि माझी पहिली ओळख वरठी स्टेशनच्या बाकावर झाली. मी लॅपटॉपवर माझा नवा प्रोग्राम उघडत होतो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी वाकून पाहिले आणि विचारले, "हे उघडाले एवढा वेळ काहून लागून राहिला, बाप्पा?" तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. सरांच्या या गौरवग्रंथात गोडच लिहायचे असते, हे मला ठाऊक आहे. प्रयत्न करतो.

सर भंडाऱ्याच्या महाविद्यालयात संगणक शिकवीत. झाडीपट्टीच्या नाटककारांसाठी पात्रे, संवाद, गाणी आपोआप वेगळी मांडून देणारा एडिटर त्यांनी विंडोजसाठी लिहिला. मग लिनक्ससाठी तोच पुन्हा पहिल्यापासून लिहिला! मी कळवळून म्हणायचो, सर, एकदाच लिहू, सगळीकडे चालेल. त्यावर उत्तर ठरलेले: "सगळ्याच्या मापाचा सदरा शिवला तं कोणालेच बसत नाही." शेवटी मीच तसा एक करून दाखवला. सरांनी त्यात एक ओळ लिहिली, मला चहा पाजला आणि माझा एडिटर बंद केला. अक्षरे बोटांच्या मागून येत होती, मान्य. पण येत तरी होती! सरांचा फोनसाठीचा एडिटर अजून व्हायचाच आहे, म्हणजे त्यांची फोनवरची अक्षरे यायचीच आहेत.

याचा ताप अड्याळच्या नाटककार सुलभाताईंना. हात कापतो म्हणून त्यांचे पेन सुटले. जवळ आहे तो फक्त फोन. मी माझा एडिटर देऊ केला, तर सर म्हणाले, "बाईले अर्धकच्चं कायले देऊन राहिला?" आणि ताईही सरांच्या शब्दाबाहेर जाईनात. मग सर स्वतः दर रविवारी मोटारसायकलने अड्याळला जाऊ लागले. ताई सांगतात, सर टाइप करतात. या वयात, या रस्त्यांवरून! या माणुसकीपुढे हात जोडावेत की कपाळावर मारावेत, मला कळत नाही.

यंदा धान घरात येत आले, नाटकांचे दिवस तोंडावर आले, तरी नाटक अपुरेच. नायक-नायिका तीन अंक नुसती धानाच्या रोवणीवर बोलत होती. मी ताईंना कारण विचारले.

"त्याइचं गुलूगुलू सराच्या समोर कसं सांगू मी? मले लाज वाटते ना!"

मी हे सरांना सांगितले. सरांचे कान लाल झाले. "मंग फोनवरचं कराच लागते," म्हणाले आणि त्याच संध्याकाळी कामाला बसले. अर्थातच पहिल्यापासून.

सर, आपल्याला उदंड आयुष्य आणि ठणठणीत आरोग्य लाभो. निदान नाटकातली ती दोघे एकमेकांचा हात धरीपर्यंत तरी आपल्याला थकायची परवानगी नाही.