मागे कापूस आहे

उमरखेडच्या आमच्या शाळेत खो-खोच्या मैदानावर मी चुन्याच्या फक्कीनं रेषा मारत होते, तेव्हा नसरीनचा फोन आला. "आपा, अन्वर गेले..." एवढंच बोलली ती. मी विचारलं, "आता कुठं?" कारण तिचा नवरा सदा कुठंतरी गेलेलाच असायचा, आज बंगळूर तर उद्या ताश्कंद. पलीकडून रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे मला उमगलं. यवतमाळच्या टेनिस कोर्टावर सकाळी पोरांना शिकवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी फक्कीची बादली खाली ठेवली आणि मैदानातच फतकल मारून बसले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. जरा शांतपणे आठवता येतं, म्हणून लिहिते आहे. मात्र रडगाणं लिहिणार नाही. पडलेल्या चेहऱ्यांचा अन्वरला भारी राग होता.

टेनिस म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते, पांढरे कपडे आठवतात. आमचं टेनिस आर्णीच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या फरशीवर सुरू झालं. माझे वडील तिथे काट्यावर कापूस मोजून घ्यायचे, अन्वरचे वडील करीमचाचा तिथलेच फिटर. शेठजींच्या मुलानं नागपूरहून मोठ्या हौसेनं जाळी आणि रॅकेटा आणल्या, महिनाभरात त्याची हौस फिटली आणि सगळं सामान आम्हा कामगारांच्या पोरांच्या वाट्याला आलं. मी अन्वरपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून ताई, आणि ताई म्हणून त्याची पहिली जोडीदार. हंगामात फरशीच्या दोन्ही टोकांना कापसाचे ढीग लागत, मधे जेमतेम खेळण्यापुरती जागा उरे. शेठजींचा एकच कायदा होता : कापसात चेंडू गेला तर तो सापडेपर्यंत खेळ बंद, आणि ज्यानं जाऊ दिला त्यानंच शोधायचा. कारण चेंडूची पिवळी लव कापसाच्या गाठीत सापडली तर अख्खा माल परत यायचा. अन्वरला ते शोधणं नको वाटे. नाकातोंडात रुई जाऊन तो शिंकून शिंकून बेजार व्हायचा. त्यावर त्यानं आपला उपाय काढला. जाळीला चिकटून उभं राहायचं आणि टप्पा पडायच्या आत, हवेतच चेंडू कापून टाकायचा, म्हणजे व्हॉली मारायची. मी मागून ओरडायची, "अन्वर, मांगं कापूस आहे!" आणि तो खरंच एकही चेंडू मागे जाऊ द्यायचा नाही.

पुढे ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही, गाड्यांची रांग आखडत गेली, ढीग बुटके होत गेले आणि एका हंगामात जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. फरशी मात्र पूर्ण मोकळी झाली. करीमचाचा घरी बसले होते आणि आम्हाला दिवसभर खेळायला कोर्ट मिळालं होतं... त्याचा आनंद कसा मानायचा, हे आम्हाला कळत नसे. गंमत म्हणजे मागे ढीग नसतानाही अन्वर जाळी सोडून मागे हटायला तयार नव्हता. नागपूरला निवड चाचणीत एकेरीत तो सपाटून हरला. तिथल्या प्रशिक्षकांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "हा पोरगा मागे का जात नाही?" मी कापसाचा सगळा इतिहास सांगितला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "मग याला एकटं खेळवायचंच कशाला?"

असा तो दुहेरीचा झाला. गावात टिंगल व्हायची. "एकट्यानं काय जिंकलं बे तू?" असं पानठेल्यावरही विचारायचे. धंदा म्हणून दुहेरी खेळणाऱ्याचं दुखणं वेगळंच असतं. जोडीदार जरा वर चढला की त्याला वरचा कुणीतरी बोलावतो आणि तो चालू पडतो. कुणी कुणावर रागावायचं नसतं. अन्वर फोन करायचा, "ताई, मी मांडवात बसून राह्यलो अन् नवरदेवच पयाला." हसायचा, पण दरवेळी नवा माणूस, नव्यानं सुरुवात, आणि रँकिंग घसरतच चाललेलं. मग त्याला सेल्वन भेटला. कोइम्बतूरचा, ताडमाड, तोफेसारखी सर्व्हिस करणारा. मागून सेल्वन, पुढून अन्वर, असं सूत जमलं आणि दोघं पुण्याच्या एका स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचले. जिंकले तर परदेशातल्या स्पर्धांचं दार उघडणार होतं. आदल्या दिवशी त्यानं फोनवर सांगून टाकलं, "ताई, हे हरलो तं रॅकेट खुंटीले. मंग अब्बाच्या मांगं पाना घेऊन हिंडतो." आणि अब्बांनाच तर काम उरलं नव्हतं.

करीमचाचांना घेऊन मी पुण्याला गेले. पोराला मोठ्या कोर्टावर ते पहिल्यांदाच बघत होते. पहिला सेट आपला झाला. दुसऱ्यात सेल्वननं एक सर्व्हिस केली आणि खांदा धरून खालीच बसला. सेट गेला. जोडीतला एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं. सेल्वन म्हणाला, "छोड देते हैं." अन्वरनं त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "तू बस बॉल अंदर डाल. पीछे कपास है, मैं जाने नहीं दूँगा." त्यातला कापूस कुठला, हे सेल्वनला कळलं नसणार, पण तो उठला. तिसऱ्या सेटमध्ये त्याची सर्व्हिस लहान पोरासारखी, अलगद पडायची. समोरचे दोघं त्यावर तुटून पडायचे आणि अन्वर जाळीशी डावीकडे, उजवीकडे झेपावत चेंडू कापत सुटायचा. चाचांनी मला कोपरखळी मारली. "सुनंदा, पोट्टा मांगं काहून नाही जात?" मी म्हटलं, "मांगं कापूस आहे, चाचा." ते असे खदखदून हसले की पंचांनी वळून पाहिलं. जिनिंग बंद पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. टायब्रेकचा शेवटचा चेंडू अन्वरच्या रॅकेटवरून समोरच्या दोघांच्या मधून गेला आणि तो जिंकला. आम्ही जिंकलो, असंच मी म्हणणार.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. सामन्यानंतर यवतमाळ म्हणताच एका वार्ताहरानं चेहरा पाडला आणि हळू आवाजात विचारायला लागला. अन्वरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, मी जिंकून आलो नं, तुमी सुतकात कायले बसता? व्हॉलीचं विचारा." दुसऱ्या दिवशी खेळाच्या पानावर आमच्या जिल्ह्याचं नाव होतं. आर्णीच्या बसस्टँडवर तो पेपर हातोहात फिरला. पानठेल्यावाल्यानं कात्रण काचेत लावलं आणि वर मलाच सांगू लागला की हा पोट्टा आपण घडवला. सेल्वनचा खांदा बरा व्हायला अख्खा हंगाम गेला, तोवर अन्वरला चांगले चांगले जोडीदार विचारत होते. त्यांच्यासोबत त्यानं तेवढ्यापुरतं खेळून घेतलं, पण पक्की जोडी कुणाशी बांधली नाही. त्यानंतर दोघं वर्षानुवर्षं देशोदेशी खेळले, हरलेही, पण जिंकले जास्त.

अन्वरच्या चाळिसाव्याला, तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आम्ही सगळे यवतमाळच्या घरी जमलो होतो. दुपारी सेल्वन आला. केस पिकलेले, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. पुण्याच्या स्पर्धेत जोडीला मिळून एकच कप दिला होता. तेव्हापासून तो कप एक वर्ष आर्णी-यवतमाळकडे, एक वर्ष कोइम्बतूरला असा फिरत आला होता. बदलायच्या दिवशी दोघांपैकी ज्याच्याकडे कप असेल त्यानं तो घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं आणि जेवून परत यायचं, एवढाच त्यांचा करार. नसरीननं टॉवेलमधून निघालेल्या कपाला हात लावला आणि म्हणाली, "अब आप ही रख लो, भाईसाब. खेलनेवाला तो रहा नहीं..." सेल्वननं नकारार्थी मान हलवली. भिंतीतल्या कपाटाचं दार त्यानं स्वतःच उघडलं, कप आत ठेवला आणि काच पुसली.

"भाभी, ये साल अन्वर का है," तो म्हणाला. "मेरा नंबर अगले साल. अब लेने भी मैं ही आऊँगा."

नसरीननं डोळे पुसले आणि त्याचं ताट वाढायला आत गेली.