बांध काढलेलं कापड

फोन ठेवू नकोस, आणि आधी बोलणी खा. सातारला नाटक बघून आलीस, आमच्या फाट्यावरनं गेलीस, आणि आत्याकडं वळली नाहीस. वर आता फोनवर म्हणतेस, "आत्या, खुर्च्यांचं कापड लय भारी, उसात बसल्यागत वाटलं." ते कापड माझं आहे बाई. म्हणजे नक्षी माझी.

गेल्या साली गुडघा धरला आणि मी घरात अडकले. आपलं घर रानात, चारी बाजूंनी ऊस. तो डोक्यावर गेला की वारा नाही, रस्ता नाही, कोण आलं-गेलं कळत नाही. कारखान्याची टोळी येऊन तोडून नेईपर्यंत तसंच. करणार काय? खिडकीत बसून नातीच्या वहीत चौकोन आखून उसाची पानं काढत राहिले. लांब, धारेची, एकात एक गुंतलेली. पण दर चौकोनात मधून एक उघडा पट्टा ठेवला, बांधाचा. बाहेर पडायला वाट नको का?

माधवनगरला माझ्या मावसभावाचे माग आहेत. सातारच्या त्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम त्याच्याकडं आलेलं, त्यांना झाडापानांचं काहीतरी हवं होतं. त्यानं वही बघितली आणि बोट नेमकं बांधावर ठेवलं.

"आक्का, हे काढूया. हा पट्टा एका खुर्चीवर मधी येतोय, दुसरीवर कडंला. जुळवत बसलं तर निम्मं कापड वाया जातंय."

"आरं, मग माणसानं जायचं कुठनं?"

"नाटक बघायला आलेला माणूस जातोय कशाला?"

हसले मी, आणि हो म्हणून बसले. तिथंच चुकलं.

पहिल्या नाटकाला त्यानं मला गाडीतनं नेलं, मानानं रांगेतली मधली खुर्ची दिली. पुढं खुर्च्यांच्या पाठीच पाठी, सगळ्यांवर माझा ऊस. दोन्हीकडं माणसं, गुडघा आखडलेला. घरातनं सुटून एवढ्या लांब आले ती पुन्हा उसातच, आणि हा तोडायला कुठली टोळी यायची नाही. नाटकात काय झालं विचारशील तर सांगता येणार नाही. मी आपली त्या पाठींवर बांध शोधत होते.

आता सांगलीच्या एका हॉलला तेच कापड पाहिजे म्हणे. भावाला सांगितलं, बांध राहणार असेल तर विण, नाहीतर माझी वही परत दे. अजून त्याचा फोन नाही.

इकडं ऊस पुन्हा कमरेला लागलाय. फाट्यावरनं आपलं दार अजून दिसतं. दिसतंय तोवर ये.