आप्पासोंनी पाण्याची पाळी सोडली

कुंडलच्या आप्पासोंना पडक्या किल्ल्यांचं भारी वेड, आणि गळ्यात उसाचं लोढणं. मुलगा फौजेत, त्यामुळं कालव्याच्या पाण्याची पाळी आली की रानात दारं धरायला, सरीसरीत पाणी फिरवायला ते एकटेच. दोन पाळ्यांच्या मधे सापडेल तेवढ्या वेळात साताऱ्याकडचे डोंगरी किल्ले त्यांनी पायांखाली घातले होते. समुद्रातला तेवढा राहिला होता.

यंदा पनवेलला भावकीतलं लग्न निघालं आणि परतीला विट्याच्या पुतण्यानं, रविराजनं, गाडी अलिबागकडं वळवली. किनाऱ्यावर उतरले आणि आप्पासो हरखूनच गेले. समोर भर पाण्यात कुलाबा किल्ला! पण जायची वाट पाण्याखाली. त्यांनी सवयीनं चहावालीला गाठलं.

“ताई, ह्ये पाणी कवा तुटतंय? हितला पाणी सोडणारा पाटकरी कोण हाय? बोलून बघतो की त्येच्याशी.”

ती पोट धरून हसली. “काका, इथला पाटकरी वर आभाळात असतो. चंद्र! दुपारनंतर ओहोटी लागेल, मग खुशाल चालत जा.”

दुपारनंतर! आणि घरच्या उसाला उद्या पहाटे पाळी. आत्ता निघालं तरच ती सापडणार होती. चुकली की पुढचं पाणी कधी, देव जाणे.

रविराजनं हॉर्न वाजवला. “आवं आप्पा, चला की!”

आप्पासोंनी किल्ल्याकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या बायकोकडं, मंगलकडं. “तू जा रं. मी आन् मंगल येष्टीनं येतो.”

“आन् ऊस?”

“वाळू दे वाळला तर.”

गाडी गेली.

दुपारनंतर ओहोटी लागली. पाणी अजून पोटऱ्यांपर्यंत होतं, तेवढ्यात आप्पासो विजार दुमडून, मंगलचा हात धरून निघालेसुद्धा. आत गेल्यावर तर त्यांना काय बघू न् काय नको असं झालं.

“मंगल, ह्ये बघ! चुना न्हाई, काय न्हाई, नुसता दगडावर दगड! आन् हिकडं ये, समुद्रात गोड्या पाण्याची हीर! लय भारी गं!”

मंगल तटाशी उभी होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, “वाळू दे म्हणालासा. लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा ऐकलं. माज्या बाळंतपणात सुदिक तुमी दारंच धरत हुतासा.”

आप्पासोंनी तटावरच्या एका दगडावरची वाळू हातानं झाडली.

“बस हितं,” ते म्हणाले. “पाणी फिरस्तवर बसू दोघं.”

मंगल बसली.