दोन जावा, एक घर

माझ्या थोरल्या जावेइतकी संशयी बाई अख्ख्या नाशकात शोधून सापडायची नाही. सातपूरच्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर ती सांभाळते, आणि घरीही तिचा तपास चालूच असतो. सासूबाई उद्या एकादशी म्हणाल्या की ही विचारणार, "कोणती? स्मार्त की भागवत?" भाजीवाल्याने ताजी मेथी म्हटलं की ही जुडी उलटी करून देठं बघणार. "तो काय म्हणतो ते सोड गं, देठ काय म्हणतंय ते बघ." भाजीवाला बिचारा आता तिला बघून आपणहूनच जुडी उलटी धरतो.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा प्रोग्रामिंगची नोकरी धरली, घरूनच, आणि तीही आधी चाचणीवर. लॅपटॉप जाऊबाईंचाच जुना. पहिलं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, आणि बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम, काही होईना. नवी जावा, म्हणजे त्या संगणकी भाषेची नवी आवृत्ती, टाकली होती, तरी सतरा नंबरची जावा आपल्याला झेपत नाही, हेच लॅपटॉपचं पालुपद. ही नोकरी जाणार म्हणून मी रडकुंडीला आले. तेवढ्यात कणकेच्या हातांनीच जाऊबाई आल्या.

"जावा कोणती?"

"सतरा. लॅपटॉपला विचारून बघितलं ना मी, ताई."

"त्याला काय विचारतेस? मेव्हण्यांना विचार."

मेव्हन हे बिल्ड करणारं टूल, पण आमच्या घरात त्याला मेव्हणेच म्हणतात. विचारलं, तर मेव्हणे म्हणाले, आठ!

"बघ! नवी आली तरी हे जुनीच्याच हातचं जेवतायत. जावा होम म्हणजे मेव्हणे जातात ते घर, त्याचा पत्ता बदल."

बदलला. लॅपटॉपवरची कमांडची खिडकी नव्याने उघडून बिल्ड चालवलं, आणि झालं! नोकरी टिकली. आनंदाच्या भरात मी जुनी जावा काढूनच टाकायला निघाले, तर जाऊबाई कळवळल्या. "राहू दे गं तिला. एका घरात दोन जावा नांदतात की. फक्त कोणाकडे जायचं ते नीट सांगावं लागतं."

मुलं मोठी झाली, जागा पुरेना, म्हणून यंदा जाऊबाईंची मंडळी गावातच पाथर्डी फाट्याला राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही, तरी ओट्यापाशी मला फार एकटं वाटतं. परवा कंपनीने नवा लॅपटॉप दिला. बिल्ड पहिल्याच फटक्यात झालं. तरीही मी फोन लावला.

"काय अडलंय?"

"काही नाही, ताई. सगळं छान चाललंय."

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"असं तू म्हणतेस," जाऊबाई म्हणाल्या. "थांब, येते मी."